कॉलनीच्या ओपन स्पेसचं काय करावं: हॉल, कुलूप की बाग?

ताई, तुमचा प्रश्न असा की सांगलीत विश्रामबागकडच्या तुमच्या कॉलनीतली ओपन स्पेस, म्हणजे प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा, कित्येक वर्षं पडून आहे, वेड्या बाभळी न् बांधकामाचा राडारोडा, निम्मे म्हणतात हॉल बांधून लग्न-बारशाला भाड्यानं देऊ, निम्मे म्हणतात कंपाउंड घालून गेटला कुलूप लावू आणि किल्ली फक्त प्लॉटधारकांना. माझं स्पष्ट मत सांगतो, हॉल अजिबात नको.

एकतर ती जागा कुणी मेहेरबानीनं सोडलेली नाही. राज्याच्या आत्ताच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे किंवा त्यावरच्या लेआउटला १० टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. त्यात थोडं बांधकाम चालतं पण ते रहिवाशांच्या वापराचं, मंगल कार्यालय चालवायला नाही. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी हॉस्पिटलला दिली होती, सुप्रीम कोर्टानं १९९१ ला ते रद्द ठरवलं. आपल्याकडं गुंठेवारीत घेतलेल्या भागांत बघा, पोरांना खेळायला रस्ता सोडून जागाच नाही, तुमच्याकडं आहे तर ती घालवू नका हो.

आता कुलपाचं. लंडनमधे अशा कुलूपवाल्या बागा शेकड्यांनी आहेत, मधे बाग, चारी बाजूंनी घरं, किल्ली आसपासच्या घरांकडं. तिथंही जागेवर डोळा होताच, मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेवर १९२६-२८ मधे चक्क सिगारेटची फॅक्टरी उभी राहिली, लोक खवळले आणि १९३१ ला कायदा करून अशा ४६१ चौकांतल्या बागा वाचवल्या. पण त्या बागा नुसत्या कायद्यानं टिकल्या असं मला वाटत नाही. घरांची तोंडं बागेकडं असतात, खिडकी उघडली की बाग समोर. आणि दुसरं म्हणजे पैसा, केन्सिंग्टनमधे १८५१ च्या कायद्यापासून बागेची वर्गणी कराबरोबरच वसूल होते, कुणाला टाळता येत नाही.

आपल्याकडं नेमकं उलट असतं. बिल्डर ओपन स्पेस टाकतो कोपऱ्यात, ओढ्याकडंला, जिथं प्लॉट विकला जात नाही तिथं, मग घरांची पाठ तिकडं, मागच्या भिंतीवर काचा लावलेल्या आणि न्हाणीच्या पायपा खुशाल ओपन स्पेसमधे सोडलेल्या, त्या पाण्यावर अळू माजतं न् डास होतात. अशा जागेला कुलूप घातलं तर आत कोण बघणार? उलट जास्त घाण होईल. मुंबईत प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं दादर-माटुंगा वसवलं, तिथले फाइव्ह गार्डन्स जाऊन बघा, किल्ली-बिल्ली काही नाही, रस्त्यावरचा कुणीही येऊन बसतो, आणि आजूबाजूच्या इमारतींतून सगळं दिसतं म्हणून ते जिवंत आहेत.

तर तुम्ही असं करा. आधी महापालिकेतून मंजूर लेआउटचा नकाशा काढा, हद्द मोजून घ्या. मग न्हाणीच्या पायपा बंद करून ड्रेनेजला जोडा, हे सगळ्यात अवघड आहे, भांडणं होतील पण याच्याशिवाय पुढं जाऊ नका. लागून असलेल्या घरांना मागनं एक छोटं दार काढायची विनंती करा, चार-पाच घरांनी काढलं तरी चित्र बदलतं, म्हातारी माणसं आपोआप येऊन बसायला लागतात. कंपाउंड घालायचंच तर जाळीचं घाला, बाहेरून आत दिसलं पाहिजे.

पेव्हर ब्लॉक टाकू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, ब्लॉक दोन वर्षांत वर-खाली होतात आणि पाणी मुरायची जागा जाते, पाणी तुंबलं की काय होतं ते शामरावनगरवाल्यांना विचारा. लॉनचा पण नाद सोडा, पाणी पुरणार नाही. कडुलिंब, करंज, बहावा, ताम्हण लावा, मधला भाग पोरांना मोकळा ठेवा.

आणि वर्गणी महिन्याला नको, वर्षाची एकदम घ्या, मेंटेनन्सच्याच पावतीवर. पहिले दोन उन्हाळे टँकर कोण सांगणार आणि पाणी कोण घालणार हे मीटिंगमधे नावानिशी लिहून घ्या, रोपं त्यानंतर आणा.