मंजिरीवरची माशी धूसर का येते?

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीत तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या आणि गांधीलमाश्या येतात. १०० मिमी मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपायची लेन्स) एफ/४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवून फोटो काढतो. पाय स्पष्ट येतात, डोळे धूसर. चूक कुठे?

उत्तर : चूक एफ/४ची. आकडा वाढला की छिद्र लहान होतं, उजेड कमी येतो, पण स्पष्ट दिसणारा पट्टा जाड होतो. माशी जवळजवळ खऱ्या आकारात टिपताना एफ/११ वरसुद्धा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो; एफ/४ वर तर त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणून एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ठेवा. एफ/२२ चा मोह नको, सगळंच मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट पडतं. उजेडाची भरपाई फ्लॅशने करायची. पॉवर पूर्ण ताकदीच्या १/८ किंवा कमी, म्हणजे झोत क्षणार्धात संपतो आणि हलती माशी गोठते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर गांधीलमाशीच्या गुळगुळीत अंगावर पांढरे डाग उमटतात. ऑटोफोकस बंद करा. अंतर ठरवून स्वतःच हळूच पुढे-मागे झुला, डोळा स्पष्ट दिसला की तीन-चार फ्रेम घ्या.

मंजिरी डोलत असेल तर दांडी काठीला चिमट्याने अडकवा. सकाळच्या गारव्यात माश्या सुस्त असतात. फुलावरची माशी सहसा डंख करत नाही, पण तिच्यावर श्वास सोडू नका. पोळ्याजवळ मॅक्रो लेन्स घेऊन जाणं हा निव्वळ आगाऊपणा.