पोरं फक्त हजेरीपुरती येतात? आधी घरचा रडका पंखा आणायला सांगा

तुम्ही विचारलंय की करिअर ट्रेनिंगच्या कोर्सला पोरं ॲडमिशन तर घेतात पण मन लावत नाहीत, मागे बसून मोबाईल बघतात, तर त्यांना कोर्स आपला वाटावा म्हणून काय करायचं. मी मुंबईत इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, १९ वर्षं झाली, त्याआधी साइटवर वायर ओढायचो. म्हणजे जे सांगतोय ते माझ्या ट्रेडचं आहे, तुमचा ट्रेड तुम्ही लिहिला नाहीत, त्यामुळे थोडं तुमचं तुम्ही फिरवून घ्या.

आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी पण असाच वैतागायचो. एक पोरगा रोज थिअरीला पेंगायचा, एक दिवस सगळ्यांसमोर म्हटलं, काय रे, रात्रपाळी करतोस का? वर्ग हसला, तोही हसला. नंतर जेवणाच्या सुट्टीत त्याचा मित्र हळूच म्हणाला, सर, तो पहाटे तीनपासून दादरच्या भाजी मार्केटात माल उतरवतो आणि तिथूनच डायरेक्ट क्लासला येतो. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस त्याच्याकडे बघता येईना. तेव्हापासून नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मी शिकवतच नाही म्हटलं तरी चालेल, प्रत्येकाला बाजूला घेऊन तीनच गोष्टी विचारतो, कुठून येतोस, क्लास सुटल्यावर काय करतोस आणि इथे तुला कोणी पाठवलं.

तिसऱ्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. "दहावीला मार्क कमी पडले." "काकांनी फॉर्म भरला." "कॉलेजची फी झेपली नसती." "मला हे हवं होतं" असं म्हणणारे एका बॅचमध्ये चार-पाच. बाकीच्यांना घरातून, शाळेतून, नातेवाइकांकडून एवढं ऐकवलेलं असतं की तू अभ्यासात ढ म्हणून इकडे आलास, की ते पुन्हा तोंडघशी पडायला तयार नसतात, मागचा बाक त्यांना सेफ वाटतो कारण तिथे कोणी काही विचारत नाही. आपण त्याला आळस म्हणतो. माझ्या मते आळशी पोरं फार थोडी असतात, धसका घेतलेली जास्त.

हे भाषणाने जात नाही. आमच्याकडे एकदा सूटबूटवाला मोटिव्हेशनल स्पीकर आणला होता (कोणी आणला ते राहू दे), दोन तास स्वप्नं बघा स्वप्नं बघा, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी हजेरी आदल्या दिवसापेक्षा कमी.

मी काय करतो, तर दुसऱ्याच आठवड्यात सांगतो की घरात किंवा शेजारी जो पंखा रडतखडत फिरतो तो उतरवून आणा, आणि उतरवताना घरातलं मोठं माणूस हजर पाहिजे आणि मेन स्विच बंद पाहिजे. चाळीत, झोपडपट्टीत, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगीत असा पंखा नाही असं घर शोधून दाखवा. हाताने ढकलला की फिरतो पण स्वतः उचलत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कंडेन्सर (पंख्याला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा, कपॅसिटर) गेलेला, साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, बदलायला दहा मिनिटं. आता यात शिकवण्यासारखं खूप आहे, सिंगल फेज मोटरला सुरू व्हायला दुसरी वाइंडिंग का लागते इथपर्यंत जाता येतं, पण ते नंतर. खरी गंमत त्या रात्री घरी होते, पंखा गरगरा फिरतो आणि आई म्हणते अरे तू केलास? एका पोराला शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी बोलावून पंखा दाखवला आणि वर ५० रुपये दिले. तो पोरगा सकाळी माझ्या आधी वर्कशॉपच्या दाराशी उभा होता, आणि तोवर त्याने मला एकदाही स्वतःहून प्रश्न विचारला नव्हता.

म्हणजे माझ्या अनुभवाने गोष्ट एवढीच आहे की ज्या कामाची कोणीतरी वाट बघतंय असं काम हातात द्या. प्रॅक्टिस बोर्डवर लावलेला बल्ब पेटला काय नि नाही पेटला काय, कोणाचं अडत नाही, आणि पोरांना हे बरोब्बर कळतं.

गणिताचं पण तेच. वर्कशॉप कॅल्क्युलेशन म्हटलं की चेहरे पडतात. मी फळ्यावर सूत्र न लिहिता विचारतो, घरात एकाच एक्स्टेंशन बोर्डवर इंडक्शन शेगडी आणि इस्त्री कोण कोण लावतं? अर्धे हात वर. मग शेगडी २००० वॅट, इस्त्री १००० वॅट, मिळून ३०००, भागिले २३० व्होल्ट, आले १३ अँपिअर, आणि बोर्डाचं सॉकेट आहे ६ अँपिअरचं. "म्हणून आमचा बोर्ड काळा पडला!" हे वाक्य दरवर्षी कोणीतरी ओरडतंच. मग घरचं लाइट बिल आणायला सांगतो. साधा पंखा ७५ वॅट, रोज १५ तास धरला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० वॅटचा घेतला तर साडेतेरा. ज्याला भागाकार येत नाही असं शाळेने लिहून दिलेलं असतं तो बापाला युनिटचा हिशोब समजावून येतो.

थिअरीसाठी मी लोकल वापरतो, कारण तिथे सगळे रोज दोन-तीन तास लटकलेले असतात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, तेव्हा १५०० व्होल्ट डीसी, आणि आता वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट एसी. का बदललं? तेवढीच पॉवर जास्त व्होल्टेजने नेली की करंट कमी, करंट कमी म्हणजे तारेत वाया जाणारी वीज कमी आणि सबस्टेशनं पण कमी लागतात. पुस्तकातलं हेच पान मी आधी दहा वर्षं वाचून दाखवायचो आणि कोणालाच काही लक्षात राहायचं नाही.

लोहार चाळीत एक चक्कर जरूर मारा, म्हणजे तुमच्या ट्रेडचा जो बाजार असेल तिथे. मी चार-चार जणांना यादी देतो, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरची कॉइल, १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी), तीन दुकानांत भाव विचारून या, आयएसआयचा मार्क बघून या. पहिल्या दुकानात आवाज फुटत नाही, दुकानदार खेकसतो, तिसऱ्या दुकानात घासाघीस सुरू. वस्तूचं नाव तोंडात बसलं की पोराची चालच बदलते.

गणपतीच्या आधी अर्धी बॅच गायब होते, मांडवाच्या लायटिंगला. पूर्वी मी गैरहजेरी लावून मोकळा व्हायचो. आता सांगतो, जा, पण येताना मांडवाचं वायरिंग कागदावर काढून आणा, अर्थिंग कुठे दिलंय, लोड किती, पावसात पाणी कुठे साचतं. एका पोरीने आणलेल्या ड्रॉइंगमध्ये अर्थिंगच नव्हतं, मी म्हटलं विसरलीस, ती म्हणाली सर, विसरले नाही, तिथे नाहीचे. मंडळाच्या पोरांशी भांडून तिने ते लावून घेतलं. तोपर्यंत प्रॅक्टिकलला पक्कड मुलांच्याच हातात असायची आणि ती वही धरून उभी, ही चूक माझी, आता हत्यारं नंबरानेच देतो.

मोबाईल बंद करायच्या भानगडीत पडू नका. कुठलीही वस्तू उघडायच्या आधी कनेक्शनचा फोटो काढायचा असा नियम केलाय, साइटवर आम्ही हेच करतो, फोनला काम मिळालं की रील्स आपोआप कमी होतात. पूर्ण बंद होत नाहीत, खोटं कशाला बोलू. जर्नलमध्ये काय जमलं ते लिहायला लावलं की सगळे एकमेकांचं उतरवतात, म्हणून मी काय चुकलं ते लिहायला लावतो, चुका प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

आणि पाहुणा आणायचाच तर मोठा साहेब नको, दोन वर्षांपूर्वी पास झालेला, आता कुठेतरी अप्रेंटिस किंवा हेल्पर असलेला पोरगा आणा, तो पगार किती, ओव्हरटाइम मिळतो का, सुपरवायझर शिव्या देतो का हे सगळं खरं सांगतो. त्या दिवशी मी बाहेर जाऊन चहा पितो, माझ्यासमोर ते मोकळे बोलत नाहीत.

दुसरा ट्रेड असला तरी जमतं, आमचे कॉम्प्युटरचे सर पोरांकडून सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये करून घेतात, सेक्रेटरी चुका काढतो, पोरं चिडून दुरुस्त करतात.

सगळे लागतात का मार्गाला? नाही. दरवर्षी तीन-चार सुटतातच, कोणाला घर चालवायचं असतं, कोणाला खरंच हा ट्रेड नको असतो. तो भाजी मार्केटवाला मात्र टिकला, त्याला मी थिअरी दुपारच्या बॅचला बसायला दिली, रजिस्टरवरून ऑफिसात माझी थोडी वाजली, ते चालतं.

तुमचा ट्रेड आणि बॅचचा टाइम कमेंटमध्ये टाका, त्या हिशोबाने पंख्याच्या जागी काय देता येईल ते बघू.