आधी गोंगाट ओळखायला शिक

परवा ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये तू म्हणालीस, काका, मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली, गुरुत्वीय लहरींचं काम फिजिक्सवाल्यांचं, मला तिथे कोण घेणार. गर्दी एवढी होती की ऐरोलीला उतरेपर्यंत धड बोलताच आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशातच उठणारी थरथर. त्यांनी मोजलं काय ते आधी बघ. १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत आदळली, तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं, आणि १४ सप्टेंबर २०१५ला ती लहर आधी अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या लायगोत, म्हणजे अशा लहरी टिपणाऱ्या यंत्रात, आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटर लांबच्या हॅनफर्डच्या लायगोत पोचली. लायगोचे बाहू, म्हणजे लेझर जातो ते दोन पाइप, चार-चार किलोमीटरचे, त्यांच्या लांबीत फरक पडला प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी, तोही सेकंदाचा पाचवा हिस्साभर. आता जमीन तर सतत याच्या कितीतरी पट हलत असते, लिव्हिंगस्टनजवळून मालगाडी गेली तरी त्यांना त्रास होतो, म्हणून ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांवर टांगलेत, शेवटी काचेच्या तंतूंवर, आणि लेझरचे पाइप निर्वात ठेवलेत. यातलं निम्मं काम तुझ्याच सिलॅबसमधलं आहे गं!

मी रबाळेला वीस वर्षं पंपांच्या बेअरिंगला सेन्सर लावतोय. चालू पंपात बेअरिंगची चीर कानाला ऐकू येत नाही, पण शाफ्टचा स्पीड, आतले बॉल किती आणि बेअरिंगची मापं हे माहीत असलं की ठोके कुठल्या फ्रिक्वेन्सीला पडणार ते आधीच काढता येतं, मग त्या सगळ्या खडखडाटात फक्त तेवढंच शोधायचं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी हेच करत होते, म्हणजे टकरीची लहर कशी दिसेल ते गणिताने आधी काढायचं आणि डेटावर जुळवून बघायचं, आणि तेही सिग्नल सापडायच्या पंचवीसेक वर्षं आधीपासून. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आपल्याला दिसेल असा प्रकाश येत नाही, दुर्बिणीला ती कळलीच नसती. १७ ऑगस्ट २०१७ला मात्र दोन न्यूट्रॉन तारे धडकले, लहरींमागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात याचा पुरावा मिळाला. आईच्या मंगळसूत्राकडे एकदा या नजरेने बघ.

आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो होतंय, २०२३मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. तिथे व्हॅक्यूमवाले लागतील, कंट्रोलवाले लागतील, सेन्सरच्या वायरीतला गोंगाट कुठून येतोय हे रात्रभर बसून शोधणारे लागतील. फिजिक्सची एमएस्सी करायची तर जरूर कर, पण आपण मागे पडलो म्हणून पळून जाऊन नको.

रविवारी रबाळेला ये. एक जुना पंप ठेवलाय, त्यात बिघडलेलं बेअरिंग मुद्दाम बसवलंय. सेन्सर तूच लाव, आणि आकडेमोड करून आण, मी आधी काहीच सांगणार नाही.