पदक आहे, नोकरी नाही

प्रश्न : उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मुलगी यंदा कॉम्प्युटर सायन्समधून बी.टेक. झाली. विभागात पहिली आली. शिवाय चौघांच्या गटाला सर्वोत्तम प्रकल्पाचं बक्षीस. कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो बघून ब्लो-होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, ओळखणारं सॉफ्टवेअर केलंय, अचूकता ९५ टक्के. मी चौकात अभिनंदनाचा डिजिटल लावणार होतो, पण ती म्हणते, ‘पप्पा, कॅम्पसला नोकरी लागली नाही, बोर्ड नको. बक्षीस घ्यायलाही जात नाही.’ काय करावं? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : बोर्ड राहू दे. तो चार दिवसांनी उतरेल, पण तोवर जाणारा-येणारा ‘मग, लागली का कुठं?’ विचारणार, तेच तिला नकोय. समारंभाला मात्र तिनं जायलाच पाहिजे. प्रोजेक्ट गाइड तिथं भेटतील. पुढं शिकायचं झालं तर शिफारसपत्र लागू शकतं. काम त्यांच्या लक्षात आहे तोवरच शब्द टाकावा. दोन वर्षांनी त्यांच्यासमोर दुसरीच बॅच असते.

आता नोकरीचं. नवं गिऱ्हाईक तुमच्या केबिनमधली ट्रॉफी बघून ऑर्डर देतं का? सॅम्पल जॉब हातात घेतं, मायक्रोमीटर लावतं. मुलाखत घेणाराही तेच करतो. ‘सर्वोत्तम प्रकल्प’ प्रत्येक कॉलेजात एक असतोच. पहिल्या क्रमांकाचं थोडं वेगळं, गुणांच्या अटीच्या चाळणीतून तो पार करतो. ‘इतक्या विद्यार्थ्यांत पहिली’ असं आकड्यानिशी लिहावं. चाळणीपुढं कोडिंगची परीक्षा आहे, तिथं पदक कोण विचारत नाही.

मला खटकला तो ९५ टक्क्यांचा आकडा. समजा, १,००० कास्टिंग आहेत आणि त्यांत ५० खराब. डोळे मिटून ‘सगळी चांगली’ म्हणणारं सॉफ्टवेअरही ९५ टक्के बरोबर ठरतं, आणि पकडतं शून्य! एक खराब पीस पुढं गेला की काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तेव्हा बायोडेटात तिनं लिहावं : खराबपैकी किती सापडले, चांगले किती उगाच बाद झाले, आणि चौघांत तिनं स्वतः काय केलं. कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायच्या वेबसाइटवर, टाकावा, तो कसा चालवायचा हेही सोबत लिहावं.

एम.टेक.चा विचार असेल तर त्याची प्रवेश परीक्षा, गेट, फेब्रुवारीत असते, गुण ३ वर्षं चालतात. नोकरी शोधत अभ्यास होतो, पण जड जातं.

आणि एक काम तुमचं. टर्निंग करताना होल उघडं पडून रिजेक्ट झालेली कास्टिंग शेडमध्ये असतीलच. तिला एक दिवस तिथं बोलवा, फोटो काढू दे, सॉफ्टवेअरला दाखवू दे. मग विचारा, ‘मशिनवर चढवायच्या आधी आतलं होल तुझ्या फोटोत दिसणार कसं गं?’ मुलाखतीत कुणीतरी विचारेलच, त्याआधी घरात विचारलेलं बरं.