विकसनशील देशांत घरोघरी वीज का पोहोचत नाही? पैसा कमी पडतो की वीजच कमी पडते?

दोन्ही कमी पडतात, पण आमच्याकडे अडलं होतं ते खांबावर.

माझं माहेर सह्याद्रीतल्या एका पाड्यावर. मूळ गाव कागदोपत्री कधीच 'विद्युतीकृत' झालेलं. सरकारच्या 2004 च्या व्याख्येप्रमाणे गावात नि दलितवस्तीत डीपी (ट्रान्सफॉर्मर), शाळा-पंचायतीत वीज आणि 10 टक्के घरांत कनेक्शन असलं की झालं काम. उरलेली घरं असतात पाड्यांवरच. 28 एप्रिल 2018 ला मणिपूरचं लेइसांग जोडलं गेलं, देशातलं एकही गाव आता अंधारात नाही असं जाहीर झालं. त्या दिवशीही आई चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती.

घरोघरी वीज जोडून देण्याच्या केंद्राच्या 'सौभाग्य' योजनेत आमचा अर्ज मंजूर झाला होता. पण लाइन जंगलाच्या पट्ट्यातून जाणार, म्हणून कागद या टेबलावरून त्या टेबलावर. भावाने वनहक्क कायद्याचं कलम 3(2) शोधून काढलं. ग्रामसभेची शिफारस, एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढं जमलं तर गावाच्या विजेच्या तारांसाठी 1980 च्या वन संवर्धन कायद्याखालची दिल्लीची मंजुरी लागत नाही. साहेबांना हे माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं? ठराव लिहून होईपर्यंत बायका ग्रामसभेतून उठल्या नाहीत. ट्रक वर चढेना, तेव्हा खांब पाड्यातल्या माणसांनी खांद्यावर वाहून नेले.

माझे एक भावजी वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचं पालुपद एकच, "या लोकांना वीज दिली तरी बिल भरत नाहीत." ज्या बाईने आठवडी बाजारात पैसे मोजून मोबाइल चार्ज करून घेतला, रेशनला नाही मिळालं तर चढ्या भावाने रॉकेल आणलं, ती बिल का भरणार नाही? पाड्यावर रीडिंगला कुणी चढत नाही. मग सरासरीचं बिल, मग एकदम थकबाकी आणि शेवटी कनेक्शन कट.

सगळीकडे हेच असतं असं नाही. केनियात कनेक्शनची फीच 35,000 शिलिंग होती; 2015 मध्ये ती 15,000 वर आणावी लागली. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी मुळात वीजनिर्मितीच अपुरी आहे.

तुमचाही पाडा जंगलालगत असेल तर अर्जाच्या मागे धावण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या, पोच घेऊन ठेवा. आणि भावजींनी आधी दर महिन्याला रीडिंग घ्यायला माणूस वर पाठवायला लावावा, वसुलीचं त्यानंतर बोलू.