थोरली कोण?

प्रश्न : ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणींची अद्भुतकथा लिहितेय, आधार पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समजुतींचा. थोरली कोणाला करू?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, खरी गंमत इथंच आहे. योरुबांत आधी जन्मतं ते तायवो, मागून येतं ते केहिंदे; पण थोरलं मानतात केहिंदेला! त्यानंच तायवोला ‘जग कसं लागतं, चाखून ये’ म्हणून पुढं धाडलेलं असतं. जुळ्यांतलं एक दगावलं तर ‘एरे इबेजी’ ही लाकडी मूर्ती कोरून घेत. आई तिला न्हाऊ घाली, भरवी. हात फिरून फिरून कित्येक मूर्तींचं नाक-डोळे गुळगुळीत झालेत. तुमच्या कथेत तीच मूर्ती हरवलेल्या बहिणीला ओळखू द्या. राक्षस मात्र कमी करा. तुम्ही पाठवलेल्या पहिल्याच प्रकरणात सात, बाप्पा!