खाज थांबेना, तेव्हा

प्रश्न : सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांपासून नडग्या, पाठ आणि कमरेला खाज सुटते. पुरळ नाही, नुसते ओरखडे. कडुलिंबाचा पाला घातलेल्या कढत पाण्याने अंघोळ घालतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मेडिकलमधून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळीने गुंगी येते, खाज जात नाही.
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आधी घरात आणखी कोण खाजवतंय ते बघा. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील आणि नातवंडंही खाजवत असतील, तर ती खरूज. मग एकट्या सासूबाईंवर उपचार करून भागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं पाच टक्के परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांनाही लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. वापरातले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. जाड सोलापुरी चादर रोज धुणं होत नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवली तरी चालते. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. उपाय फसला असं समजून मलम रोज चोळत बसू नका, त्याने कातडी आणखी चिडते.

घरात दुसऱ्या कुणाला खाज नसेल, तर या वयात पहिला संशय कोरड्या त्वचेवर. वयाबरोबर त्वचेतलं तेल कमी होतं, त्यात सोलापूरची कोरडी हवा. कढत पाणी उरलंसुरलं तेल काढून टाकतं. घटकाभर बरं वाटतं, तासाभराने खाज दुप्पट होते. म्हणून पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. डेटॉल, लिंबू, उटणं, पाला सगळं बंद. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा. बहुतेक घरांत चुकतं ते इथे: बोटभर क्रीम अंगभर पुरवतात. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला दिवसातून दोनदा लावायचं तर आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं. महागडी छोटी ट्यूब घेण्यापेक्षा साधा मोठा डबा घ्या. युरिया असलेलं क्रीम भेगांवर झोंबतं, तिथे जेलीच बरी.

ॲलर्जीची गोळी अंगावर गांधी उठत असतील तर उपयोगी, कोरडेपणाच्या खाजेवर तिचा फारसा इलाज नाही. शिवाय गुंगीत म्हातारं माणूस रात्री उठताना पडू शकतं. त्यापेक्षा नखं बारीक ठेवा, खाज सुटली की गार ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. खाजवून कातडी जाड होते आणि जाड कातडी आणखी खाजते, हे चक्र तोडायला हवं.

नीट तेलकट ठेवूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, तर डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन व लोह, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या. पुरळ नसलेली खाज मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजाराची खूण असू शकते. नवीन सुरू झालेल्या गोळ्यांची यादीही सोबत न्या. डोळे पिवळे, लघवी गडद, वजन घटतंय किंवा ताप येतोय, तर वाट पाहू नका.

प्रश्न : यंत्रमागावर काम करतो. जांघेतल्या नायट्याला मेडिकलमधली ट्यूब लावली की जातो, थांबलो की दुप्पट पसरतो.

उत्तर : खोक्यावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड आहेत. लाली आणि खाज दबते, पण नायट्याची बुरशी खाली मोकाट वाढते आणि जांघेतली पातळ कातडी आणखी पातळ होते. ट्यूब बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना ती दाखवा. बंद केल्यावर काही दिवस खाज भडकेल, त्याची तयारी ठेवा. बुरशीनाशक डाग गेल्यावरही, डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. घामाने भिजलेली चड्डी कामाची पाळी संपताच बदला, टॉवेल वेगळा ठेवा.